झीलकरी मशीन

मोळीच्या दिवशी कारखान्याचं तोरण मी संगणकाच्या वायरीवर बांधलं.

हे वाक्य लिहिताना अजून कानाच्या पाळ्या गरम होतात, पण सुरुवात तिथूनच करायला हवी. सहकारी साखर कारखान्यात हंगामातली उसाची पहिली मोळी पडते तो दिवस म्हणजे लग्नघरच. मी स्टोअरकीपर, त्यामुळं नारळ, हळदकुंकू, सतरंज्या, भोंगा, सगळं माझ्या अंगावर. आंब्याचे डहाळे आले होते. झेंडूही आला होता. शहाऐंशीच्या दुष्काळातला झेंडू, शर्टाच्या बटणाएवढा. सुतळी तेवढी नव्हती. म्हणजे होती, पण ती स्टोअरात होती, स्टोअरची किल्ली माझ्याच कमरेला होती, आणि मधे आवारभर ऊन पसरलेलं होतं. समोर बघतो तर वजनकाट्याच्या दोन खोल्यांच्या दारांवरून एक राखाडी वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत आयती ताणलेली. मी स्टुलावर चढलो आणि डहाळ्या अडकवत गेलो. खाली उतरून जरा मागं सरून बघितलं. तोरण झकास दिसत होतं. मधोमध झोळ आला होता खरा, पण झोळ असला तरच ते तोरण दिसतं, नाहीतर कपडे वाळत घालायची दोरी, असं मी स्वतःला समजावलं आणि भोंग्याच्या मागं लागलो.

थोड्या वेळानं गव्हाणीपाशी आरडाओरडा सुरू झाला.

गव्हाण म्हणजे गाडीतला ऊस जिथं पट्ट्यावर चढतो ती जागा. वजन झालं की काट्यावर छापील पावती मिळते, तिच्यावर पाळीचा नंबर असतो. गव्हाणीवरचा मुकादम नंबर पुकारतो आणि त्या नंबरची गाडी पुढं येते. त्यानं "एक्केचाळीस" असा पुकारा केला आणि दोन गाड्या पुढं आल्या. एक तेर गावच्या केशरबाईंची. दुसरी नागप्पाची, हा उमरग्याकडून आलेल्या ऊसतोड टोळीतला गाडीवान.

"माझा नंबर हाय," केशरबाई म्हणाल्या. "ही बघा पावती. छापील हाय."

"मग माझी काय कोळशानं लिवलीय? हीबी छापीलच."

"आरं, मी तांबडं फुटायच्या आधीपासनं हितं हाय!"

"मावशी, म्या तरी काय आत्ता आभाळातनं पडलो का?"

मुकादमानं दोन्ही पावत्या उन्हात धरल्या, उलट्या करून बघितल्या, एकीवर एक ठेवून बघितल्या. दोन्हींवर एक्केचाळीस. मागं बेचाळीसच्या दोन गाड्या होत्या, त्रेचाळीसच्याही दोन. दुष्काळात ऊस आधीच हडकलेला, त्यात उन्हात उभा राहिला की आणखी वाळणार. पाळी सोडायला कोण तयार होईल? कुणीतरी कुणाच्या बैलाची वेसण धरली. चेअरमनसाहेब फेटा बांधून, मोळीला हात लावून, फोटोसाठी जमवलेलं हसू तसंच धरून उभे होते.

तेवढ्यात काट्याच्या खोलीतून संगणक सांभाळणारा पिराजी धावत बाहेर आला. त्यानं पावत्या बघितल्याच नाहीत. त्यानं वर बघितलं. तोरणाच्या वजनानं वायरीचं टोक मशीनच्या, म्हणजे संगणकाच्या, पाठीतून निसटून लोंबत होतं.

"वायरीवर हे कुणी घातलं?"

"मी," मी म्हणालो. लपवायचा प्रश्नच नव्हता; तोरण मी बांधलं हे सकाळपासून मीच सगळ्यांना दाखवत फिरत होतो.

पिराजी स्टुलावर चढला आणि एकेक डहाळी सोडवायला लागला. वायरीच्या टोकाला झेंडूची एक पाकळी अडकली होती, ती त्यानं नखानं काढली आणि खिशात ठेवली. खिशात का, ते मला अजून कळलेलं नाही.

हा पिराजी येरमाळ्याचा. येडेश्वरीच्या गोंधळ्यांचं घर. वडील धोंडीबा हे पंचक्रोशीतले नावाजलेले गोंधळी. त्यांनी देवीची कथा लावली की पेंगणाऱ्या पोरांच्या आया पोरांना विसरायच्या. आणि पिराजी लग्न होईपर्यंत त्यांचा झीलकरी, म्हणजे मागं उभं राहून तुणतुण्यावर साथ करणारा. पुढं त्यानं आयटीआय केलं, रेडिओ दुरुस्त केले, आमच्या पॉवरहाउसला वायरमन म्हणून लागला. कारखान्यानं संगणक घ्यायचं ठरवलं तेव्हा पुण्याला शिकायला कोण जातं असा प्रश्न आला. पुण्याच्या खाणावळीत ज्वारीची भाकरी मिळत नाही अशी पक्की बातमी असल्यामुळं बाकी सगळ्यांनी माना खाली घातल्या. पिराजीनं हात वर केला.

परत आला तो मिशी तीच ठेवून आणि चाल बदलून. गरीब स्वभावाचा, खाली मान घालून काम करणारा वगैरे तो अजिबात नव्हता. मशीनबद्दल काही विचारलं की उत्तर देण्याआधी तो आपल्याकडं असं बघायचा, जणू आपण चपला घालून देवळात शिरलोय. मशीनच्या खोलीत तर चपला खरोखरच काढाव्या लागायच्या, आणि एकदा चेअरमनसाहेबांच्या मोज्याला भोक आहे हे त्यामुळंच साऱ्या कारखान्याला कळलं. डब्यातली शेंगांची चटणी मागितली तर पिराजी द्यायचा, पण चेहरा असा करायचा की मागणाऱ्याला ठसका लागावा.

पहिल्या वर्षी मशीन एकच होती. वजन, शेतकऱ्याचं नाव, गट, पाळी, सगळं तिच्या पोटात. ऐन हंगामात विजेनं झटका दिला आणि ती मिटली. काटा थांबला. गाड्यांची रांग फाटकातून बाहेर, हमरस्त्यापर्यंत. मशीन सुरू करेपर्यंत पिराजीनं पाणीसुद्धा घेतलं नाही, आणि सुरू झाल्यावर एकच घोशा लावला: मशीन एकटी नको, जोडी पाहिजे.

मी त्याला विचारलं, "म्हणजे जादाची एक कपाटात ठेवायची?"

"कपाटात ठिवलेली म्हंजी मेलेली. तिला काय ठावं गाडी कुठवर आली?" तो माझ्या टेबलावर टेकला. "नाना, गोंधळ बघितलाय न्हवं? बाप कथा सांगतो. मागचा झीलकरी काय करतो?"

"तुणतुणं वाजवतो."

"आन्?"

"मधेमधे जी, जी म्हणतो."

"का म्हणतो?"

इतके गोंधळ बघितले, इतके जेवलो, पण याचा विचार मी कधी केला नव्हता.

"जी म्हंजी आलं. ऐकलं. माझ्याकडंबी हाय. वळ न् वळ त्याच्या पोटात जात असती. बापाला ठसका लागला, घसा बसला, तर झीलकरी त्याच शब्दापासनं उचलतो. मांडवातल्या लोकांला कळतबी न्हाय. आता झीलकरीच कपाटात कोंडला, तर उचलील कुठनं?"

त्यानं केलेली रचना हीच. पहिली मशीन पहिल्या काट्याच्या खोलीत. तिच्यात वजन पडलं की ते राखाडी वायरीवरून शेजारच्या खोलीतल्या दुसरीकडं जायचं, दुसरी ते लिहून घेऊन "जी" म्हणायची, आणि मग पावती छापली जायची. दुसरी बिघडली म्हणून काटा अडू नये, यासाठी "जी" आलं नाही तरी पहिली जरा थांबून छापायचीच. गाडी नसली तरी पहिली आपली सारखी "हाय, हाय" सांगत राहायची. हे "हाय" यायचं थांबलं, की दुसरीनं समजायचं, बुवाचा घसा गेला. ती घंटी वाजवायची, तिथला कारकून बंडप्पा खिडकी उघडायचा, दुष्काळामुळं बंद ठेवलेला दुसरा काटा सुरू करायचा, आणि काम त्याच नंबरापासून पुढं. उन्हाळ्यात पिराजीनं संचालकांसमोर पहिलीचं बटण बंद करून दाखवलं. एक खोकला काढेपर्यंत दुसरीनं पावती छापली. चेअरमनसाहेबांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली.

पण त्यात एक खोट होती, आणि ती पिराजीनंच मला सांगितली होती.

"आवाज आला न्हाय म्हंजी बाप गेलाच, असं न्हाय. वारं सुटलं, शेजारी भोंगा लागला, तरीबी आवाज येत न्हाय. मग झीलकरी इकडं कथा उचलणार आन् बाप तिकडं सांगतच ऱ्हाणार."

"मग तुम्ही गोंधळात काय करता?"

"दिवटी. ती एकच असती. जेच्या हातात दिवटी त्यो बोलणार. दुसऱ्यानं घसा आवरायचा."

मशीनींसाठी ही दिवटी म्हणजे एक साधी पेटी होणार होती. पावत्या छापणारी दोन्ही यंत्रं तिच्यातून वीज घेणार, आणि वीज एका वेळी एकालाच मिळणार. दुसरी मशीन उठली की आधी पेटीतला खटका ओढून पहिलीच्या यंत्राची वीज तोडणार, मग स्वतः छापणार. पहिली जिवंत असली तरी मुकी. त्यासाठी चार रिले पाहिजे होते. रिले म्हणजे विजेनं ओढला जाणारा खटका. ते माझ्या स्टोअरात होते. मागणीच्या चिठ्ठीवर पिराजीनं भाबडेपणानं लिहिलं, "दिवटीकरिता रिले."

आता मला एक खोड आहे. माझ्या बोलण्यावर लोक हसले की माझ्यापुरतं ते काम संपतं. मी चिठ्ठी हातात धरून भर ऑफिसात म्हणालो, "पिराजी, दिवटी स्टोअरात मिळत नाही बाबा, तुळजापूरला मिळते. तेल आपलं आपण घालायचं!" कारकून टेबलावर डोकं ठेवून हसले. रिले कपाटातच राहिले. तो आणखी दोनदा आला. मी तोच विनोद जास्त तेल घालून सांगितला. तिसऱ्यांदा तो आला नाही.

आणि मग मोळीच्या दिवशी माझं तोरण. वायर निसटली, "हाय" बंद झालं, झीलकऱ्यानं इमानानं कथा उचलली, आणि बुवा तर सांगतच होता. दोन खिडक्या, दोन एक्केचाळीस.

पिराजीनं बसून सगळ्या पावत्या जुळवल्या, कोण आधी कोण नंतर ते लावून दिलं. केशरबाई आधी निघाल्या. प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण मोळीच्या फोटोत चेअरमनसाहेबांच्या मागं बैलाची वेसण धरून भांडणारा नागप्पा आला होता, आणि फोटो पेपरात छापून आला होता. संचालकांची मीटिंग बसली. मला बोलावणं आलं.

चेअरमन आबाराव सरळ माणूस. त्यांनी सरळच विचारलं, "स्टोअरकीपर, हा गोंधळ कशामुळं झाला?"

गोंधळ! एवढा आयता शब्द समोर आल्यावर माझ्यासारख्या माणसाला कोण आवरणार? तोरण मी बांधलं हे मी आधी सांगितलं, अगदी प्रामाणिकपणे सांगितलं. पण सांगता सांगता समोरून पहिलं हसू आलं, आणि मग मी थांबलो नाही.

"साहेब, एका देवीपुढं दोन गोंधळी उभे! याच्या गळ्यात संबळ, त्याच्याही गळ्यात संबळ. हा म्हणतो बुवा मी, तो म्हणतो बुवा मी. यजमान मधे उभा, म्हणतोय, नारळ कुणाच्या पदरात टाकू?" मग मी उठून उभा राहिलो आणि धोंडीबांचा आवाज काढला. तो भरदार, शेवटच्या अक्षराला हेलकावा देणारा आवाज मला चांगला जमायचा. त्या आवाजात मी एक्केचाळीसचा पुकारा केला, आणि मागं वळून झीलकऱ्याच्या किनऱ्या आवाजात "जी जी" म्हणालो. संचालक खुर्च्यांतून घसरायचे बाकी राहिले. एकाला पाणी द्यावं लागलं. आणि शेवटी, टाळी घ्यायची म्हणून, मी म्हणालो, "साहेब, गोंधळ्यानं बांधल्यावर गोंधळच होणार की!"

हसण्याच्या त्या गदारोळात मी दाराकडं बघितलं. पिराजी उंबऱ्यापाशी उभा होता. त्यालाही बोलावलेलं होतं. काखेत दिवटीच्या पेटीचं चित्र काढलेला पुठ्ठा होता. तो हसत नव्हता. रागावलेलाही दिसत नव्हता. परीक्षेचा पेपर हातात पडावा आणि तो दुसऱ्याच विषयाचा निघावा, तसा चेहरा होता.

चेअरमननी डोळे पुसले. "जाऊ द्या. एकच मशीन ठेवा. ते दुसरं नुसतं बसून खातंय, ते माझ्या ऑफिसात आणून ठेवा." पिराजीला कुणी काही विचारलंच नाही. तो पुठ्ठा काखेत तसाच घेऊन गेला. मला मात्र बाहेर आल्यावर पाठीवर थापा मिळाल्या. घरी येऊन मी बायकोला मोठ्या उत्साहानं सगळं सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "आणि त्याच्या बापाचा आवाज काढलात तवा ते पोर तिथंच होतं?" मला त्या दिवशी दोन भाकरी कमी गेल्या.

दुसरी मशीन ऑफिसात गेली. चेअरमनसाहेबांच्या मंडळींनी तिच्यासाठी क्रोशाचा रुमाल विणून पाठवला. तिच्यावर वर्तमानपत्रं ठेवायची सोय झाली. पिराजी कामावर वेळेत यायचा, काम करायचा, माझ्याशी बोलायचाही. "नाना, खिळे द्या," "नाना, टेप द्या," एवढंच. चटणी मागितली तर चेहरा न करता द्यायचा. त्यामुळं ती मला गिळवत नसे. मी विनोद करायचा थांबलो असं मात्र नाही. खोड ती. फक्त विनोद करताना आधी दाराकडं बघायची सवय लागली.

पौषात एका दुपारी पहिली मशीन बसली. पॉवरहाउसचा झटका, तोच जुना रोग. पिराजी टेबलाखाली शिरला. काटा थांबला. गाड्या फाटकाबाहेर गेल्या. दुष्काळात बैलांच्या हौदाला टँकरचं पाणी, तेही सकाळीच संपलेलं. जू मानेवर घेऊन बैल उभे होते आणि रिकाम्या हौदाच्या कडा चाटत होते. मी स्टोअरातला पाण्याचा ड्रम लोटत नेला, तो दोन जोड्यांत संपला. तिसरी जोडी केशरबाईंची होती. त्यांनी पदरानं बैलाच्या डोळ्यावरच्या माशा उडवल्या आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या,

"नाना, तवा एका नंबराच्या दोन पावत्या निघाल्या. तुमी ते सांगितल्यालं ऐकून आमीबी लई हसलो. आज एक तरी काढा."

त्या टोचून बोलल्या नव्हत्या. म्हणूनच असेल, मी तिथं उभा राहू शकलो नाही. तडक चेअरमनसाहेबांच्या ऑफिसात गेलो.

"साहेब," मी म्हणालो.

ते हसायला लागले. अजून मी काही बोललोही नव्हतो. "काय आता? नवीन काय?"

"साहेब, ती दुसरी मशीन परत द्या. पिराजीची जोडी बरोबर होती."

"बुवाला झीलकरी पाहिजे, व्हय?" ते खुर्चीत मागं रेलले, हसून घेण्याच्या तयारीनं. समोर बसलेले दोघं संचालकही माझ्या तोंडाकडं बघायला लागले. आता हा उठणार, आवाज काढणार. मला त्या वेळी कळलं की या खोलीत मी काहीही म्हणालो तरी ते गंमतच ठरणार. इतकी वर्षं मीच त्यांना तशी सवय लावली होती. मी नुसता उभा राहिलो. हसू ओसरलं.

"बरं नाही का तुम्हाला?" चेअरमननी विचारलं.

"साहेब, वायर माझ्या तोरणानं निसटली. दिवटी त्यानं मागितली होती, ती मी दिली नाही. त्याच्या रचनेत चूक नव्हती. बाहेर बैल उभे आहेत."

त्यांनी खिडकीतून रांगेकडं बघितलं. मग वर्तमानपत्रं उचलली, क्रोशाचा रुमाल काढून घडी घातली. "न्या," ते म्हणाले. "आणि असं तोंड करून परत येऊ नका. भीती वाटते."

मी आणि बंडप्पानं मशीन हातगाडीवर घातली, खाली गोणपाट अंथरून. वाटेत स्टोअर उघडलं. कपाटातून चारही रिले काढले. मागच्या बाजूला सुतळीचा गुंडा दिसला, त्याच्याकडं बघवलं नाही. मशीनच्या खोलीपाशी चपला काढल्या. पिराजी टेबलाखाली उताणा पडला होता, पाय तेवढे बाहेर. बंडप्पानं दुसरी मशीन शेजारच्या खोलीत तिच्या जुन्या जागी ठेवली. मी वायरीचं टोक आणून दिलं आणि रिले त्याच्या हाताला लागतील असे फरशीवर ओळीनं मांडले.

त्यानं मान वळवून बघितलं. एक रिले उचलला, बोटानं खटका दाबून बघितला. टिक असा आवाज आला. बंडप्पाला म्हणाला, "डब्यातल्या कालच्या फ्लॉप्या काढ. कालपातूरचं हिला आधी भरवू, आजचं पावत्यांवरनं घालू. पण गाड्या सोडायच्या त्या दिवटी लावल्याबिगर न्हाय."

बंडप्पा गेला. खोलीत आम्ही दोघं. मी उकिडवा बसलो. काहीतरी गमतीनं सुरुवात करावी असं जिभेवर आलं, ते गिळलं.

"पिराजी, त्या मीटिंगीत मी धोंडीबांचा आवाज काढला. ते काढायला नको होतं. रिलेचंही... आणि शेवटचं जे बोललो ते तर..." बाहेर बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली. "माफ केलंस का रे?"

टेबलाखालून त्याचा हात बाहेर आला, तळवा वर करून.

"न्हाय, पक्कड द्या."